गुडरून आणि क्रीमहिल्ट

भाऊ आणि पति यांच्यांत वैर पडलें, तर स्त्रीनें कोणाचा पक्ष घ्यावा? असा प्रसंग परमेश्वर कोणाही लेकीबाळीवर न आणो! परंतु युरोपांतील प्राचीन जर्मनवंशीय लोकांनीं या प्रश्नाला एकाच कथेंत दोन उलट उत्तरें देऊन ठेविलीं आहेत. तीं आज वाचकांपुढें ठेवितों.

आधीं इतिहास; तो थोडकाच आहे. ऱ्हाइन नदीकांठीं बर्गुंडी नांवाच्या लोकांचें राज्य होतें. इ. स. ४३७ च्या सुमारास हूणांनीं त्यांचा राजा गुंडाहार यास कुळासह कापून काढिलें. पुढें ४५३ मध्यें हूणांचा राजा अटिला, इल्डिको नांवाच्या तरुणीशीं लग्न लागलें त्याच रात्रीं, नाकांतून रक्त वाहून मरण पावला. नववधू प्रेताजवळ रडत बसलेली आढळली, असें सहाव्या शतकांतील इतिहासकार जॉर्डनीज लिहितो. पहिल्या संहारांत अटिला स्वतः होता याला पुरावा नाहीं. पण लोकांच्या जिभेला सोळा वर्षांचें अंतर तें काय! नवरीचें नांव जर्मन वळणाचें. ती मारल्या गेलेल्या राजाची बहीण ठरली, आणि नाकांतलें रक्त सुरीचें झालें.

आइसलंडांत १२७० च्या सुमारास लिहिलेल्या एड्डाकाव्यांच्या पोथींत अटिला हा अत्ली झाला आहे, गुंडाहार हा गुन्नार, आणि अत्लीची राणी गुडरून ही गुन्नारची बहीण. सोन्याच्या लोभानें अत्ली मेहुण्यांना मेजवानीस बोलावितो. गुडरून लांडग्याचा केंस गुंडाळलेली अंगठी भावांकडे धाडते. खूण पटूनही ते मानी पुरुष जातातच. पकडलेला गुन्नार, सोन्याचा ठाव सांगण्यापूर्वीं, भाऊ होग्नी याचें काळीज पाहावयास मागतो. प्रथम एका भ्याडाचें आणतात. तें ताटांत थरथरतें, म्हणून तो तत्काळ ओळखतो. खरें काळीज येतें तेव्हां मात्र तो हर्षभरित होतो, कारण गुपित जाणणारा आतां तो एकटाच! सोनें ऱ्हाइनच्या पोटांतच राहणार. त्याला सर्पांच्या विवरांत टाकितात. तेथें हार्प नांवाचें तंतुवाद्य वाजवीत तो मरतो. मग गुडरून आपल्याच मुलांचें मांस अत्लीला वाढते, शय्येवर त्याचा वध करते आणि वाडा पेटविते. येथें आम्हांस पुस्तक क्षणभर खालीं ठेवावें लागलें.

आतां सुमारें १२०० सालचें जर्मन महाकाव्य 'निबेलुंगेनलीड' घ्या. तीच बहीण, तेच भाऊ, तोच हूण राजा. पण येथें क्रीमहिल्ट हूण राजाशीं पुनर्विवाह करून, पहिला पति झीगफ्रीट याच्या खुनाचा सूड उगविते. भावांना बोलावणें जातें तें तिच्याच मनांतून. भाऊ गुंथर याचें मस्तक तिच्या आज्ञेनें उतरतें, आणि खुनी हागेन याला ती पतीच्याच तरवारीनें ठार करते. हूण राजा बिचारा रडत उभा राहतो.

आमच्या मतें पहिलें उत्तर अधिक जुनें. विवाहाचें बंधन तेथें उपरें, रक्ताचें मूळचें. गॉथिक भाषेंत भावाला 'ब्रोथर' व बहिणीला 'स्विस्तर' म्हणत. आपल्या 'भ्रातृ' आणि 'स्वसृ' यांचींच तीं भावंडें. दुसऱ्या उत्तरामागें ख्रिस्ती विवाहसंस्काराचें वजन असावें, असा आमचा तर्क आहे.

परवां रात्रीं जेवणें झाल्यावर या दोन्ही कथा घरांत सांगितल्या. माहेरीं आलेली आमची लेक गुडरूनच्या बाजूनें हिरीरीनें बोलली. सूनबाईंना विचारलें, तर त्या कांहींच न बोलतां पाण्याचे तांबे भरावयास उठल्या.