आभासी बाजारातील फसवणूक : नियम कंपनीचे, सावधगिरी खेळाडूची

इंटरनेटवर हजारो खेळाडू एकाच वेळी ज्यात भाग घेतात, अशा खेळांत केवळ लढाया होत नाहीत. तेथे बाजार भरतो, उधारी चालते, ठेवीही स्वीकारल्या जातात. बाजार आला की भामटेही येतात. त्यांना आवर कोणी घालावा, या प्रश्नाला दोन प्रसिद्ध खेळांनी भिन्न उत्तरे दिली आहेत.

आइसलँडच्या सीसीपी कंपनीने २००३ मध्ये 'ईव्ह ऑनलाइन' सुरू केला. खेळाच्या चौकटीत राहून दुसऱ्याला गंडा घालणे येथे सर्वसाधारणपणे नियमबाह्य ठरत नाही. २००६ मध्ये या खेळातील एका 'बँके'चा चालक ठेवीदारांचे शेकडो अब्जांचे आभासी चलन घेऊन पसार झाला. ती बँकही खेळाडूंनीच विश्वासावर उभी केलेली होती.

ब्रिटनच्या जॅजेक्स कंपनीच्या 'रुनस्केप'मध्ये मात्र फसवणूक हा नियमभंग आहे. खेळातील संपत्ती खऱ्या पैशांना विकण्याचा धंदा मोडण्यासाठी या कंपनीने जानेवारी २००८ मध्ये खेळाडूंच्या आपसांतील देवघेवीवर कडक मर्यादा घातल्या. त्याची झळ प्रामाणिक खेळाडूंनाही बसली. मित्राला भेट देणेही अवघड झाले. अखेर खेळाडूंचा कौल घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये मुक्त व्यापार पुन्हा सुरू करण्यात आला. सरसकट बंदीने लबाडीबरोबर व्यवहारही आक्रसतो, हाच याचा बोध.

फसवणुकीचे प्रकार मात्र ठरावीक आहेत. 'रक्कम दुप्पट करून देतो' असे सांगणारा आधी लहान रक्कम खरोखरच दुप्पट करतो आणि मोठी हाती येताच नाहीसा होतो. दुसरा प्रकार शेवटच्या क्षणी वस्तू बदलण्याचा किंवा किमतीत एखादे शून्य वाढवण्याचा. तिसऱ्यात 'थोडा वेळ वापरायला दे' अशी गळ घातली जाते. सर्वांत घातक प्रकार खेळाबाहेरचा : कंपनीचा प्रतिनिधी असल्याचे भासवून बनावट दुव्यावर पासवर्ड टाकायला लावणे. याला 'ईव्ह'मध्येही मुभा नाही.

या सर्वांत घाई हे समान सूत्र आहे. म्हणून व्यवहाराची अंतिम खिडकी शब्दशः वाचावी, किंमत खेळातील बाजारभावाशी पडताळावी, परत मिळाली नाही तर चालेल एवढीच वस्तू उसनी द्यावी. खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. पासवर्ड मागणारा कोणीही असो, त्याला नकार द्यावा. खरे पैसे गेल्यास भारतातील खेळाडूंनी १९३० या सायबर मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

खेळातील चलन आभासी असले, तरी ते मिळवण्यासाठी खर्ची पडलेले महिने खरे असतात. फसलेल्या मुलाला 'खेळच तर होता' असे म्हणून गप्प बसवण्यापेक्षा हा डाव कसा टाकला गेला, हे त्याच्याबरोबर बसून समजून घेणे अधिक हिताचे. कारण हेच डाव पुढे बँक खात्यांवरही टाकले जातात.