थरथर दिसते, उदासी दिसत नाही

पार्किन्सन्स, म्हणजेच कंपवात, हा आजार लोक हाताच्या थरथरीवरून ओळखतात. पण याच आजारात येणारी उदासी बहुतेक घरांत ‘आता वय झाले’ म्हणून सोडून दिली जाते.

मेंदूतील डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी घटत गेल्याने हा आजार होतो. हे रसायन हालचालीला लागते, तसेच उमेद आणि आनंदालाही. त्यामुळे नैराश्य व चिंता ही या आजाराचीच लक्षणे आहेत. काही रुग्णांत ती थरथर सुरू होण्याआधीच दिसतात. त्यांच्यावर औषधे आणि समुपदेशन, दोन्ही उपाय आहेत.

परभणी जिल्ह्यात अडचण अंतराचीही आहे. जिंतूर, पालम, सोनपेठकडच्या खेड्यातील रुग्णाला मेंदूविकारतज्ज्ञासाठी शहर गाठावे लागते. तिथे गोळ्यांविषयी बोलणे होते. मनाचा विषय निघतच नाही. इकडे गावात चहाचा कप हिंदकळतो म्हणून माणूस पारावर जाणे सोडतो. चेहऱ्याचे स्नायू आखडल्याने हसू उमटत नाही, तर पाहुण्यांना तो रागावलेला वाटतो. घरात कोंडलेला माणूस अधिकच खचतो आणि रात्रंदिवस त्याचे करणारी पत्नी किंवा सूनही थकते.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळाने रुग्ण आणि कुटुंबीयांना एकत्र आणले. नर्तक हृषीकेश पवार यांनी कंपवाताच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. आजार त्याने बरा होत नाही, पण आपल्यासारखे आणखी कोणी आहेत हे कळल्यावर लाज कमी होते आणि माणूस बाहेर पडू लागतो.

असा मेळावा तालुक्याच्या गावीही भरू शकतो. त्याला महिन्यातून एक दुपार आणि वाचनालयाची किंवा ग्रामीण रुग्णालयाची एक खोली पुरते. जिल्हा रुग्णालयाने त्यासाठी समुपदेशक द्यावा आणि आशा कार्यकर्तींनी घरात बसून राहिलेले रुग्ण शोधावेत.

तोवर घरच्यांनी एवढे करावे: दोन आठवडे उदासी, निद्रानाश किंवा जगण्याचा कंटाळा दिसला, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे आले, तर एक दिवसही थांबू नये. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ‘टेलिमानस’ची 14416 ही मोफत सेवा चोवीस तास सुरू असते. तिथे सांभाळणाऱ्यांनीही फोन करावा. त्यांनाही बोलण्याची गरज असते.