आत की बाहेर?

दिवाळीच्या साफसफाईत पूर्वी माळा रिकामा करीत. हल्लीच्या फ्लॅटांतून माळा जवळजवळ नाहीसाच झाला आहे, आणि जो पसारा शिडी लावून वर चढवायचा, तो आता लॅपटॉपच्या पोटात जाऊन बसतो. बारशापासून मुंजीपर्यंतची छायाचित्रे, लग्नाच्या तीन तीन तासांच्या चित्रफिती, विम्याचे कागद, प्रश्नपत्रिका, कुणीतरी पाठविलेली शंभर भजने. मग एके दिवशी जागेची निळी पट्टी लाल होते, लॅपटॉप म्हाताऱ्या बैलासारखा जागच्या जागी थांबतो, आणि घरात प्रश्न निघतो : आतली डिस्क काढून मोठी बसवावी, की बाहेरून जोडायची एखादी वेगळी घ्यावी?

हा प्रश्न कोथरूडमध्ये जाहीरपणे विचारू नये. इथे दर दोन घरांमागे एक संगणक-अभियंता आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांचा अमेरिकेत आहे. एक म्हणतो, आतली बदला, लॅपटॉप नवा होईल. दुसरा म्हणतो, पेच उघडायच्या फंदात पडू नका, बाहेरची घ्या. कर्वे रस्त्यावरच्या एका दुकानदाराने तर मला सरळच विचारले, "सर, एक टीबी पुरेल, की दोन देऊ?" आमच्या आजोबांच्या पिढीत हे वाक्य ऐकून माणूस मिरजेच्या गाडीत बसला असता.

दुकानदाराचा टीबी म्हणजे टेराबाइट, हे आता सर्वांना ठाऊक आहे. तरी घरी येऊन डिस्क जोडली की 1 टीबीच्या जागी 931 जीबी दिसतात आणि गिऱ्हाईक भांडायला उठते. दुधात पाणी घातल्याचा हा प्रकार नव्हे. बनविणारा हजारांच्या पटीत मोजतो, विंडोज 1024 च्या पटीत मोजते, एवढाच हिशेबाचा फरक.

मुळात आतली आणि बाहेरची या दोन जाती नव्हेतच. बाहेरची पोर्टेबल डिस्क सोलून पाहिली तर आत बहुधा लॅपटॉपात बसणारी तीच अडीच इंची डिस्क निघते. खरा जातिभेद आहे तो फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या डिस्कचा. जुनी हार्ड डिस्क म्हणजे ग्रामोफोनच्या तबकडीची दूरची नात. लॅपटॉपमधली साधारणपणे मिनिटाला 5400 फेरे घेते, आणि तिच्यावरची सुई (सुई म्हणायचे ते आपले सोयीसाठी) तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावरून तरंगत जाते. या घराण्याची मूळ पुरुष 1956 सालची, आयबीएम कंपनीची. दोन दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, वजन सुमारे एक टन, आणि साठवण पन्नास लाख अक्षरांची. आज मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र तेवढी जागा खाते. एसएसडी नावाच्या नव्या प्रकारात मात्र फिरणारे काहीच नाही. सगळा कारभार चिपमध्ये, विजेच्या भारावर चालतो.

म्हणून लॅपटॉप मंद झाला असेल आणि त्यात जुनी फिरणारी डिस्क असेल, तर आत एसएसडी बसविण्यासारखा दुसरा खर्च नाही. जो लॅपटॉप सुरू होईपर्यंत चहा उकळून गाळून होत असे, तो आधण ठेवण्याआधी तयार होतो. बाहेरून कितीही मोठी डिस्क जोडली तरी हे व्हायचे नाही, कारण संगणकाचे रोजचे काम आतल्याच डिस्कवर चालते. परंतु पैसे मोजण्याआधी लॅपटॉप उघडून बघावा, किंवा बघणाऱ्याकडून बघवून घ्यावा. काही पातळ लॅपटॉपांत साठवणीची चिप मदरबोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते. तिथे बदलायला जागाच नाही. काहींत एम-टू नावाची खाच असते, तीत च्युइंगगमच्या पट्टीसारखी, बहुतेक 22 मिलिमीटर रुंद आणि 80 लांब अशी एसएसडी बसते. पण तीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन पंथ आहेत, आणि दिसायला सारखी असली तरी एका पंथाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत चालेलच असे नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर तिचे काय होते, हेही आधी विचारावे. किंमत इथे देत नाही. अंक हाती पडेपर्यंत ती बदललेली असेल.

आतून निघालेली जुनी डिस्क टाकून देऊ नये. केसिंग नावाची एक डबी मिळते, तीत ती घातली की यूएसबीला जोडायची बाहेरची डिस्क तयार. एका खर्चात आत-बाहेर दोन्ही साधते म्हणून मला ही युक्ती आवडते. फक्त ही म्हातारी डिस्क आहे हे ध्यानात असू द्यावे, आणि एकुलती एक ठेव तिच्या स्वाधीन करू नये.

आता बाहेरच्या डिस्ककडे येतो. आमच्या इमारतीत एक निवृत्त गृहस्थ आहेत, अत्यंत टापटिपीचे. लॅपटॉप भरला तेव्हा त्यांनी दोन टीबीची बाहेरची डिस्क आणली, वीस वर्षांची छायाचित्रे तीवर हलविली आणि आतली पुसून टाकली. पाकिटात घालून, वर तारीख लिहून ती कपाटात ठेवली. पुढे नातवाला काही दाखवायला म्हणून डिस्क जोडली, वायरीत कुणाचा तरी पाय अडकला आणि ती फिरता फिरता टेबलावरून खाली आली. दुरुस्त करणाऱ्याने कानाशी धरली, टकटक आवाज ऐकला आणि मान हलविली. धूळविरहित खोलीत उघडून काही निघाले तर निघेल, पण त्याच्यासाठी काही हजार रुपये लागतील आणि भरवसा कशाचाच नाही, असे त्याने सांगितले. "अहो सर, मी तर सगळं बाहेर काढून सुरक्षित ठेवलं होतं हो!" ते मला म्हणाले. त्यांच्या पत्नी गेल्यानंतरचे ते पहिलेच वर्ष होते.

त्या 'सुरक्षित' शब्दाशी मी पुष्कळ दिवस थांबून राहिलो. बाहेर ठेवणे म्हणजे जपून ठेवणे, अशी आपली समजूत ट्रंकेच्या आणि लॉकरच्या काळापासूनची आहे, आणि सोन्याच्या बाबतीत ती खरीही आहे. डिस्कच्या बाबतीत नाही. त्या गृहस्थांनी ठेव हलविली. प्रत केली नाही. आत की बाहेर हा सोयीचा आणि वेगाचा प्रश्न आहे. जपणुकीचा प्रश्न निराळा : वस्तू किती ठिकाणी आहे?

पुणेकरांना हे निराळ्या शब्दांत सांगायची गरज नाही. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले आणि मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा ज्यांचे कागद, हस्तलिखिते, छायाचित्रे गेली त्यांनी ती हयगयीने घालविली नव्हती. ती कपाटात होती, कुलुपात होती. पण कपाट, कुलूप आणि घर एकाच काठावर होते.

आमच्या घरी ही गोष्ट अकरा मिनिटांपाशी येऊन थांबते. आईला जात्यावरच्या ओव्या येत. फ्लॅटात जाते कुठले! तेव्हा गव्हाची परात पुढे घेऊन, तिच्या काठावरून हात फिरवीत तिने त्या म्हटल्या आणि धाकट्या बहिणीने त्या मोबाइलवर टिपल्या. मध्ये कुकरची शिट्टी आहे, आणि "पुरे आता, डाळ लागेल" हेही आहे. आई 2019 साली गेली. ओव्या वर्गात शिकविताना मी मुलांना सांगतो की हेमा राईरकर आणि गी पोइत्वाँ यांनी पुण्यातून खेडोपाडी हिंडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. 1990 च्या दशकात बर्नार बेल यांच्या साथीने त्यांतल्या काहींचे सुमारे 120 तासांचे ध्वनिमुद्रण झाले. पोइत्वाँ 2004 साली गेले, हेमाताई 2010 साली. तरी गाणाऱ्या बायांचे आवाज राहिले, कारण ते एका कपाटात पडून राहिले नाहीत. 2017 पासून 'पारी' या ग्रामीण जीवनाच्या संग्रहाने ते सर्वांना ऐकण्यासाठी खुले केले. आमच्या अकरा मिनिटांना अशी कुणी संस्था नाही. ती आम्हीच सांभाळायची.

तेव्हा आमच्यापुरता निकाल असा लागला. आत एसएसडी बसविली, रोजच्या कामासाठी. बाहेरची फिरणारी डिस्क एक नव्हे, दोन घेतल्या. साठवणीच्या मानाने त्याच स्वस्त पडतात. बाहेरचीही एसएसडीच घ्यावी असे मुलाचे मत होते, आणि पिशवीतून रोज ने-आण करणाऱ्यासाठी ते बरोबर आहे, कारण ती पडण्याला भीत नाही. परंतु वर्षानुवर्षे विजेवाचून पडून राहिली तर तिच्यातला भार हळूहळू ओसरू शकतो. नुसती कपाटात ठेवायला मी ती घेणार नाही. डिस्क लॅपटॉपला कायमची जोडूनही ठेवीत नाही. संगणकात एखादा खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो जोडलेली डिस्कही कुलूपबंद करतो. काम झाले की संगणकाची रीतसर परवानगी घेऊन ती काढायची, ओढून काढायची नाही. आणखी एक : नव्या विंडोज लॅपटॉपांत आतली डिस्क पुष्कळदा सांकेतिक कुलपात असते, आणि लॅपटॉप बिघडल्यावर ती दुसऱ्याला जोडली तर किल्ली मागते. त्या किल्लीचे अठ्ठेचाळीस आकडे कागदावर उतरून ठेवले आहेत. लॅपटॉपच्या पिशवीत नव्हे.

"मग गूगलवर का नाही ठेवीत?" असे सौ.ने विचारले. ठेवल्या आहेत. अकरा मिनिटे 15 जीबीच्या फुकट जागेत सहज मावतात. वीस वर्षांची छायाचित्रे मावत नाहीत. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकण्याचा त्यांचा नियम 2023 मध्ये लागू झाला आहे, आणि माणूस गेल्यावर त्याचे खाते कोण उघडते? ती तिसरी प्रत आहे, पहिली नव्हे.

दुसरी डिस्क कुठे ठेवायची यावर मात्र फार विचार करावा लागला नाही. बहीण साताऱ्याला असते. भाऊबीजेला ती आली की डिस्क तिच्या पिशवीत जाईल. फोनवर तिने विचारले, "दादा, ही ओवाळणी समजायची का?" म्हटले, ओवाळणी वेगळी मिळेल, ही ठेव आहे. दर दिवाळीला ती डिस्क घेऊन यायचे ठरले आहे. दोन्ही जोडून, उघडतात ना ते पाहायचे, वर्षभराची भर घालायची, अकरा मिनिटे एकदा पूर्ण ऐकायची, आणि पाच वर्षांनी डिस्क ठीक असली तरी नवी घ्यायची. पाकिटावर तारीख तिनेच घालायची आहे. माझे अक्षर तिला वाचता येत नाही, असे ती म्हणते.