आम्ही केवळ अभ्यासाचा विषय किती दिवस राहणार?

बारावीचा निकाल लागला की वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यातील आमच्या वस्त्यांतून एकच चर्चा ऐकू येते : मुलगा आता काय शिकणार? अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तर पेढे वाटले जातात. वाणिज्य शाखेला गेला तरी समाधान मानले जाते. परंतु एखाद्या मुलीने समाजशास्त्र घेऊन बी. ए. होण्याची इच्छा बोलून दाखविली की घरावर सुतकी कळा पसरते. “त्याने पोट भरणार काय?” हा बापाचा प्रश्न, आणि “गुण कमी पडले असतील” हा शेजाऱ्यांचा निकाल. ज्या समाजाने एका समाजरचनेविरुद्ध बंड पुकारून धम्मदीक्षा घेतली, त्याच समाजाने समाजरचनेच्या शास्त्राकडे पाठ फिरवावी, हा प्रकार आम्हांस शोचनीय वाटतो. इतकेच नव्हे, तो घातक आहे असे आमचे निक्षून सांगणे आहे.

बौद्ध बंधु-भगिनींनो, आपल्याविषयी आजवर कोणी लिहिले याचा थोडा विचार करा. शिरगणतीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिले, मिशनऱ्यांनी लिहिले, पदवीधर ब्राह्मणांनी लिहिले. आमची जात कोणती, आमचा धंदा कोणता, आमची नाकाची ठेवण कशी, हे सारे त्यांनी मोजले. ज्यांचे मोजमाप चालले होते त्यांच्या हाती मात्र ना फूटपट्टी होती, ना लेखणी. ही स्थिती प्रथम पालटली ती परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय होता. पण तेवढ्यावर न थांबता त्यांनी समाजशास्त्र आणि मानववंशशास्त्र यांचेही अध्ययन केले. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. त्या वेळी बाबासाहेब अवघे पंचवीस वर्षांचे होते, म्हणजे आज आपल्या घरात पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या मुलाच्याच वयाचे!

त्या निबंधात बाबासाहेबांनी केवळ दुःख मांडले नाही. सेनार, नेसफील्ड, रिस्ले, केतकर अशा त्या काळच्या मान्यवरांच्या व्याख्या त्यांनी एकेक करून तपासल्या, प्रत्येकीचे वैगुण्य दाखविले, आणि स्वतःचा सिद्धांत मांडला : जातीचे सार जातीअंतर्गत विवाहात आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढी ते विवाहाचे कुंपण अभंग राखण्यासाठी निर्माण झालेल्या युक्त्या होत. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी जातीविषयी गंभीरपणे बोलू इच्छिणाऱ्या कोणालाही हा निबंध ओलांडून पुढे जाता येत नाही. हे सामर्थ्य कोठून आले? केवळ संतापातून नव्हे. ते अभ्यासातून आले.

आता दुसरी बाजू पाहा. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडिस हे त्याचे पहिले प्रमुख. १९२४ पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी दीर्घकाळ तो विभाग सांभाळला आणि या देशातील समाजशास्त्रज्ञांची एक सबंध पिढी घडविली. त्यांची विद्वत्ता आम्ही नाकारीत नाही. जात व वंश यांवरील त्यांचा १९३२ चा ग्रंथ आजही वाचावा लागतो. परंतु याच घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरविले. पालघरच्या डोंगरपट्टीतील वारल्यांना, कातकऱ्यांना, तुम्ही कोण म्हणून विचारण्याची गरज त्यासाठी कोणास भासली? त्यांचे शिष्य डॉ. एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ साली ‘संस्कृतीकरणा’ची कल्पना मांडली. खालची जात वरच्या जातीचे आचार, आहार, विधी उचलते आणि एकदोन पिढ्यांत आपला दर्जा वाढवू पाहते, असा तिचा आशय. ही कल्पना आज पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते.

ही फूटपट्टी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरला लावून पाहा. त्या दिवशी लक्षावधी माणसांनी वरच्या पायरीवर चढण्याची खटपट केली काय? नाही! त्यांनी ती शिडीच सोडून दिली. वरिष्ठांचे देव उचलण्याऐवजी देव्हारे रिकामे केले. श्राद्ध-पिंडदान शिकण्याऐवजी ते न करण्याची प्रतिज्ञा घेतली. अनुकरणाच्या सिद्धांतात या त्यागास जागा नाही. मग या घटनेचे शास्त्रीय विवेचन करावयाचे कोणी? आपल्या आजीने गळ्यातला गंडा काढून फेकला तेव्हा नेमके काय घडले, हे आजीच्या नातीने सांगावयाचे नाही, तर कोणी सांगावयाचे?

कोणी म्हणेल, जुन्या विद्वानांस नावे ठेवण्यासाठी हा विषय घ्यावयाचा काय? मुळीच नाही. बाबासाहेबांनी रिस्ले आणि सेनार आधी वाचले, मग खोडले. न वाचता खोडणे ही आळशाची वृत्ती होय. या शास्त्रात आमच्या बाजूने ज्यांनी कष्ट उपसले त्यांचेही स्मरण ठेवले पाहिजे. अमेरिकेत जन्मलेल्या डॉ. गेल ऑम्वेट सांगली जिल्ह्यातील कासेगावास स्थायिक झाल्या आणि २०२१ साली तेथेच निवर्तल्या. महात्मा फुल्यांची चळवळ त्यांनी जगाच्या विद्यापीठांपुढे नेली. पुणे विद्यापीठातील डॉ. शर्मिला रेगे यांनी २००६ साली दलित स्त्रियांची आत्मकथने ही समाजशास्त्राची साक्ष म्हणून उभी केली. २०१३ साली, निधनापूर्वी काही महिने, त्यांनी ब्राह्मणी पितृसत्तेविषयीचे बाबासाहेबांचे लेखन एका ग्रंथात एकत्र आणले. यांपैकी एकीचाही जन्म आमच्या वस्तीत झाला नव्हता. त्यांचे ऋण मान्य करावयाचे, ते आमच्या मुलींनी त्यांच्या पुढे एक पाऊल टाकून!

वसईकर बौद्धांवर तर ही जबाबदारी दुहेरी आहे. ज्या १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे बहुजनांच्या शिक्षणाचे गाऱ्हाणे मांडले, त्याच साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्यातील बुरुड राजाच्या कोटाखालचा स्तूप उकरला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच साली सोपाऱ्यात हाती आला. नवव्या लेखाचा तुकडा जवळच्या भुईगावात सापडला तो १९५६ साली, म्हणजे आमच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी! हे लेख काय सांगतात? आठवा सांगतो की पूर्वीचे राजे मृगयेच्या सहली करीत. अशोकाने त्या सोडून धम्मयात्रा सुरू केल्या, खेड्यापाड्यांतील लोकांची भेट घेतली आणि त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे केली. नववा सांगतो की आजारपणात, लग्नकार्यात, अपत्यजन्मी, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांचे फळ अल्प. खरा विधी कोणता? तर दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राणिमात्रांविषयी संयम बाळगणे आणि श्रमण-ब्राह्मणांस दान देणे. क्षुद्र विधींचे खापर त्या लेखाने स्त्रियांच्या माथी अधिक फोडले आहे. ते योग्य की अयोग्य हेही आजच्या विद्यार्थिनीने निर्भयपणे तपासावे. लोकांत जावे, त्यांस विचारावे, रूढी आणि तिचे फळ यांची फारकत करून पाहावी, हीच समाजशास्त्राची रीत. ज्या भूमीत ती बावीसशे वर्षांपूर्वी दगडावर कोरली गेली, त्या भूमीतील बौद्धाने तिला परकी म्हणावे काय?

आणि तपासणीचा पहिला विषय आपले स्वतःचेच घर असावे. वसईचा इतिहास या बाबतीत डोळ्यांत अंजन घालणारा आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्या काळात असंख्य कुटुंबे ख्रिस्ती झाली. प्रार्थना बदलली, नावे बदलली. परंतु कुपारी, वाडवळ, कोळी असे गट उरले आणि पिढ्यान्‌पिढ्या लग्ने बहुतांशी आपापल्या गटातच होत राहिली. त्या बांधवांस हिणविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आपल्यापुढे आरसा धरण्यासाठी लिहितो. बौद्ध वधू-वरांच्या जाहिराती उघडून पाहा. ‘बौद्ध’ या शब्दापुढे कंसात जुन्या जातीचे नाव छापलेले आढळते की नाही? महारांतून आलेला बौद्ध मातंगांतून आलेल्या बौद्धाच्या घरी मुलगी द्यावयास कचरतो की नाही? भिंतीवर तथागतांची तसबीर आणि नव्या सदनिकेत सत्यनारायण, असा संसार आपल्या इमारतींत कोठेच नाही काय? बाबासाहेबांनी १९१६ साली दाखविलेली कसोटी सवर्णांपुरतीच होती, अशी सोयीची समजूत आपण करून घेतली आहे. समाजशास्त्र शिकलेली मुलगी हा प्रश्न जेवणाच्या ताटावरच विचारील. म्हणूनच ती काहींस नकोशी वाटते. आणि म्हणूनच ती आपल्याला हवी आहे. नुसत्या धर्मांतराच्या विधीने जात मरत नाही. ती कोठे लपून बसते हे ओळखणारे डोळे घडवावे लागतात.

हक्कांचा प्रश्नही याच अभ्यासाशी निगडित आहे. दीक्षा घेताच आमचे लोक केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलतींस मुकले. ती चूक दुरुस्त व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. तोपर्यंत एक सबंध पिढी धर्म राखावा की सवलत राखावी या पेचात भरडली गेली. त्या पिढीने काय सोसले याच्या नोंदी आज कोणाच्या घरी आहेत? २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांवर महाराष्ट्रात मोजले गेले. येत्या जनगणनेत सर्व जातींची गणना करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला. अशी संपूर्ण गणना १९३१ नंतर झालेली नाही. ते कोष्टक बाहेर पडेल तेव्हा ज्याला ते वाचता येईल त्याचाच अर्थ प्रमाण ठरेल. धर्म बौद्ध आणि अनुसूचित जात या दोन्ही नोंदी एकत्र असणे कायद्यास मान्य आहे, हे आजही किती घरांस ठाऊक आहे? आकडे वाचणारे आमच्यात नसतील, तर आमची संख्याच आमच्याविरुद्ध साक्षीला उभी केली जाईल.

आता राहिला पोटाचा प्रश्न. तो आम्ही हसण्यावारी नेत नाही. पहाटेची विरार लोकल पकडून रात्री परतणाऱ्या बापास भाकरीची किंमत आम्ही शिकवावी असे नाही. समाजशास्त्राच्या पदवीवर लगेच मोठे वेतन मिळत नाही, हे खरे. पण नुसत्या पदवीवर ते हल्ली कोणत्या शाखेत मिळते? केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस हा वैकल्पिक विषय घेता येतो. बी. ए. नंतर कायदा, अध्यापन, समाजकार्य, पत्रकारिता हे मार्ग मोकळे राहतात. १९३६ साली स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था तर देवनारलाच आहे. अनुसूचित जातींच्या ज्या विद्यार्थ्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे, त्यांस मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू शकते. सर्वांनीच हा विषय घ्यावा असा आमचा हट्ट नाही. डॉक्टर हवेत, अभियंते हवेत, व्यापारीही हवेत. दहा घरांतून एकाने तरी हे शास्त्र शिकावे, आणि ते गुण कमी पडले म्हणून नव्हे, हेतुपूर्वक शिकावे, एवढेच आमचे मागणे आहे.

विद्यार्थ्यांसही दोन शब्द. परीक्षेच्या तोंडावर गाईड पाठ करून पदवी मिळविणार असाल तर हा विषय घेऊ नका. इंग्रजी शिका, कारण ग्रंथ त्या भाषेत आहेत. मराठीत लिहा, कारण आपली माणसे या भाषेत आहेत. २०११ सालीच बारा लाखांवर गेलेल्या या वसई-विरार शहरात कोकणातून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे एका जिन्यावर राहतात. कोणाला भाड्याने घर मिळते, कोणाला आडनाव ऐकून नाकारले जाते, याची नोंद करा. आपल्या विहारात बसून वृद्धांस विचारा : दीक्षा कधी घेतली, त्या दिवशी काय टाकले, काय टाकवले नाही, गावाने काय शिक्षा दिली? ती साक्ष देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. विहार समित्यांनीही जयंतीच्या ध्वनिवर्धकांवरील खर्चातून थोडा भाग काढून या वह्यांसाठी आणि ग्रंथांसाठी एक कपाट घ्यावे.

बौद्ध परंपरा सांगते की सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने तथागतांचा उपदेश ऐकला आणि तो उग्र लोकांच्या प्रदेशात धम्म घेऊन निघाला. लोक शिव्या देतील, मारतील, प्राणही घेतील, तर काय करशील, असे त्यास विचारले गेले. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ तयार होते, कारण ज्या लोकांत जावयाचे त्यांचा त्याने पूर्ण विचार केला होता. आपल्या मुलींनाही या समाजात जावयाचे आहे. तो आतून कसा चालतो हे त्यांस कळू द्या. यंदा घरातली मुलगी समाजशास्त्राचे नाव काढील, तेव्हा तिचा अर्ज फाडू नका. त्यावर सही करा.

जय भीम!