स्कायलॅब पडली, एवढंच लक्षात राहिलं?

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर 'स्कायलॅब' एवढाच शब्द उच्चारून बघा. 'अगं, ती डोक्यावर पडणार होती ना!' असंच काहीतरी ऐकू येईल. जुलै १९७९मध्ये हे अमेरिकन अंतराळस्थानक कुठे कोसळणार, या धास्तीने आपल्याकडेही भल्याभल्यांची झोप उडाली होती. ११ जुलैला तुकडे पडले ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. आपली स्कायलॅबची गोष्ट तिथेच संपते, आणि खटकतं ते हेच.

कारण त्याआधी, १९७३-७४मध्ये, तीन टीम्स तिथे राहून आल्या होत्या. २८, ५९ आणि ८४ दिवस. सूर्याचे ढिगाने फोटो काढले. वजनरहित अवस्थेत शरीराचं काय होतं हे कळावं म्हणून खाणं, पिणं, अगदी लघवीसुद्धा मोजली जायची. (ग्लॅमर वगैरे विसरा!)

पण सगळ्यात भारी प्रयोग होता एका शाळकरी मुलीचा. नासाने विद्यार्थ्यांकडून कल्पना मागवल्या. ३,४००हून जास्त आल्या, २५ निवडल्या. त्यातली एक १७ वर्षांच्या ज्युडिथ माइल्सची: वजनच नसेल तर कोळी जाळं विणेल का? अ‍ॅराबेला आणि अनिता अशा दोन कोळिणी दुसऱ्या टीमसोबत वर गेल्या. अ‍ॅराबेलाचं पहिलं जाळं अगदीच वेडंवाकडं. दोनेक दिवसांत मात्र तिला जमलं. पुढे पृथ्वीवर तपासल्यावर कळलं, धागा नेहमीपेक्षा बारीक होता, आणि जाडीही सगळीकडे सारखी नव्हती.

आता आपल्याकडे बघा. २०२५मध्ये शुभांशु शुक्लांनी अंतराळस्थानकात मूग-मेथीला मोड आणले. २०३५पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभं करायचं ठरलंय. मग त्यात एक कोपरा अकरावी-बारावीच्या मुलांसाठी आत्ताच का राखून ठेवू नये? वर पाठवायचा प्रत्येक किलो महागात पडतो, मान्य. पण दोन कोळ्यांचं वजन असतं किती? आणि सिनियरचं जर्नल उतरवून प्रॅक्टिकलचे मार्क मिळवणाऱ्या आपल्या पोरांना 'तुझा प्रश्न काय?' असं कधी कुणी विचारतं का? अर्ज मराठीतही घ्यावेत, तालुक्याच्या कॉलेजांपर्यंत पोचावेत, निवड कशी झाली ते जाहीर करावं. स्थानकाचा आराखडा पक्का होण्याआधी.