कढईचे पासबुक

तेलाचा न्याय आपण नाकाने करतो. दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी चकलीचा डबा उघडला, की घरातील वडीलधारे आधी हुंगतात आणि निकाल देतात, 'खवट झाली.' हा निकाल बहुधा बरोबर असतो. मात्र तो उशिरा लागतो. बिघाडाला सुरुवात कितीतरी आधी झालेली असते आणि तेव्हा नाकाला काहीच कळलेले नसते.

होते ते असे. तेलाच्या रेणूत कार्बनच्या लांब साखळ्या असतात. त्यांत जिथे दुहेरी बंध असतो, त्याच्या शेजारचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. दोन दुहेरी बंधांच्या मधला तर फारच सैल. उष्णता, उजेड किंवा तांब्या-लोखंडाचा अंश यांच्या निमित्ताने तो निसटला, की त्या जागी हवेतला ऑक्सिजन येऊन बसतो. मग हा रेणू शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढून घेतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याचा. एकाची उधारी भागवायला दुसऱ्याकडून उसने घ्यावे, तसा हा प्रकार. तेलातले ई जीवनसत्त्व मध्ये पडून ही साखळी तोडते. पण त्याची पुंजी मर्यादित असते. म्हणूनच बहुतांशी संतृप्त असलेले खोबरेल टिकते, नेहमीचे करडईचे तेल लवकर बिघडते आणि जवसाचे तर इतक्या वेगाने हवा शोषते, की चित्रकार त्याचा रंगात उपयोग करतात. ते सुकून कातडीसारखे घट्ट होते.

या व्यवहारात प्रथम जे तयार होतात, त्या हायड्रोपेरॉक्साइडना ना वास असतो, ना चव. पुढे ते फुटतात आणि हेक्झॅनलसारखी अल्डिहाइडे जन्मतात. आपल्याला येतो तो वास यांचा. यांतली काही, उदाहरणार्थ हायड्रॉक्सिनोनेनल, पेशींना अपायकारक असल्याचे प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

आता हे मोजायचे कसे? जुनी पद्धत पेरॉक्साइड मूल्याची. तेलात पोटॅशियम आयोडाइड घालतात, पेरॉक्साइडमुळे आयोडीन मोकळे होते आणि ते सोडियम थायोसल्फेटने मोजतात. पद्धत सोपी, पण फसवी. हा आकडा आधी चढतो आणि पेरॉक्साइड फुटू लागले की उतरतो. बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे चटकन पटते. खात्यावर शिल्लक किरकोळ दिसली, म्हणजे व्यवहार झालेच नाहीत असे नव्हे. मागच्या नोंदी पाहाव्या लागतात. त्या नोंदी म्हणजे ॲनिसिडीन मूल्य. हे रसायन अल्डिहाइडांशी संयोग पावून पिवळसर रंग देते आणि तो रंग यंत्राने मोजतात. दोन्ही आकडे मिळून तेलाचे खरे पासबुक तयार होते.

तळणीच्या कढईत तर १८० अंशांच्या आसपास पेरॉक्साइड टिकतच नाहीत. दिवसभर उकळलेल्या काळ्या तेलाचे पेरॉक्साइड मूल्य निर्दोष निघू शकते. म्हणून तिथे एकूण ध्रुवीय संयुगे मोजतात. तेल सिलिकाच्या स्तंभातून सोडले, की न बिघडलेला भाग आधी वाहून जातो. त्याचे वजन मूळ वजनातून वजा केले, की बिघाडाचे प्रमाण कळते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यापलीकडे ते तेल खाण्यास वापरता येत नाही.

नियम चांगला आहे. माझा आक्षेप त्याच्या पोहोचेबद्दल आहे. तळणीच्या तेलाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन २०१९ मध्ये आले, ते रोज ५० लिटरहून अधिक तेल वापरणाऱ्यांवर. म्हणजे मोठ्या हॉटेलाला वही आहे, कोपऱ्यावरच्या वड्याच्या गाडीला नाही. आणि मोठ्या कढईतून निघालेले तेल स्वस्तात छोट्या कढईत जाण्याची वाट मोकळी राहिली, तर सर्वांत बिघडलेले तेल कोणाच्या पोटात जाणार? ज्याचे दुपारचे जेवणच दोन वडापाव आहे, त्याच्या. हमाल, रिक्षावाला, शाळेतून घरी जाणारी मुले.

गाडीवाल्याला दंड करून हा प्रश्न सुटणार नाही. त्याचा नफा तेलाच्या त्या शेवटच्या फेरीतच दडलेला असतो. तेव्हा त्याच्या जुन्या तेलाला दाम द्यावा. वापरलेल्या तेलापासून बायोडिझेल करण्याची योजना २०१८ मध्येच सुरू झाली. तिचा डबा गल्लीपर्यंत आला पाहिजे. गरम तेलात बुडवून काही क्षणांत ध्रुवीय संयुगांचा आकडा दाखवणारी हातातली यंत्रे बाजारात आहेत. नगरपालिकेने प्रभागात एखादे फिरवावे, मोफत तपासावे आणि आकडा गाडीवर लावावा.

आणि आपण? घरी तळून उरलेल्या तेलात नवे ओतून भर घालू नये. जुना बिघाड नव्यालाही ओढतो. उरलेले तेल गाळून, झाकून, अंधारात ठेवावे आणि भाजी-आमटीच्या फोडणीला लवकर संपवावे. गाडीवाल्याने ताज्या तेलासाठी वड्यामागे रुपया वाढवला, तर घासाघीस न करता द्यावा. तो रुपया वड्याचा नसतो, तेल वेळेवर बदलल्याचा असतो.