नोकरदाराची पीएच.डी. आणि साहेबाचा कागद

इंदोऱ्यातील एक भगिनी गेल्या महिन्यात आमच्याकडे फाईल घेऊन आल्या. एका कार्यालयात लिपिक आहेत. एम.ए. चांगल्या गुणांनी झालेले, नेट परीक्षेत पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, विषय ठरलेला, मार्गदर्शकांचा तोंडी होकारही आहे. अडला आहे तो फक्त एक कागद: कार्यालयाचे नाहरकत प्रमाणपत्र. अर्ज देऊन सात महिने झाले. साहेब म्हणतात, "आधी टेबलावरचे काम संपवा, मग डॉक्टर व्हा." टेबलावरचे काम कोणत्या सरकारी कार्यालयात संपले आहे, हे साहेबांनाही ठाऊक आहे.

हा प्रश्न एकट्या या भगिनीचा नाही. आमच्या समाजातील संशोधक बहुधा नोकरीतच असतो. कुणी रेल्वेत, कुणी बँकेत, कुणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेत. घरातील पहिलाच पगार त्याचा. त्यावर धाकट्यांची शिक्षणे आणि घराचा हप्ता चालतो. त्याने नोकरी सोडून सहा वर्षे ग्रंथालयात बसावे, असे म्हणणाऱ्यांच्या घरी वडिलोपार्जित शेतीवाडी असते.

पूर्वी अशांना दूरशिक्षणाची वाट दिसत असे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2009 च्या विनियमांनी दूरशिक्षणातून पीएच.डी. बंद केली. ऑनलाईन पीएच.डी.च्या जाहिराती आजही मोबाईलवर येतात. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून दिल्या जाणाऱ्या अशा पदव्यांना मान्यता नाही, असा इशारा आयोगाने ऑक्टोबर 2022 मध्ये दिला. तरीही आमचे काही बांधव लाखभर रुपये घालवून नावामागे 'डॉ.' लावतात आणि लग्नपत्रिकेत छापतात. त्यांची कीव येते, पण रागही येतो.

आता उरली ती अर्धवेळ पीएच.डी. नोव्हेंबर 2022 च्या विनियमांत तिला परवानगी आहे. मात्र नोकरदाराने नाहरकत आणायची आणि त्यात तीन गोष्टी हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळीक दिली जाईल. वकील म्हणून आम्ही हा मजकूर पुन्हापुन्हा वाचला. हेतू चांगला आहे. मध्येच कुणी आडवे येऊ नये म्हणून आधीच लेखी घ्यावे. पण हा कागद मालकाने किती दिवसांत द्यायचा, नाकारला तर दाद कुठे मागायची, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. उलट 2024 पासून पीएच.डी. प्रवेशासाठी नेटचे गुण एकच वर्ष ग्राह्य धरले जातात. म्हणजे घड्याळ फक्त अर्जदाराच्या हातावर बांधले आहे, साहेबाच्या टेबलावर घड्याळच नाही. या भगिनीचे ते वर्ष संपत आले आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पदव्या आमच्या मुलांना पाठ असतात, त्या कशा मिळाल्या हे कमी ठाऊक असते. 1917 मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची सवलत होती, म्हणजे मुदतीची टांगती तलवार त्यांच्याही डोक्यावर होती. नोव्हेंबर 1918 पासून सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पगारातून पै पै बाजूला काढली, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेऊन 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. कोलंबियाचे तर आणखी विलक्षण. प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय तिथे पदवी मिळत नसे. तो ग्रंथ 1925 मध्ये छापला गेला आणि पीएच.डी. पदरात पडली जून 1927 मध्ये, न्यूयॉर्क सोडल्यावर अकरा वर्षांनी. त्या वर्षी बाबासाहेब काय करत होते? वकिली, अकाउंटन्सीच्या संस्थेत अर्धवेळ शिकवणी, मुंबई विधिमंडळाचे सदस्यत्व, मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह, एप्रिलपासून 'बहिष्कृत भारत'. पुढे 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, ते उगाच नव्हे.

आणि आजचे राज्यकर्ते? डिसेंबर 2023 मध्ये याच नागपुरात, हिवाळी अधिवेशनात, तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असे विचारले. विषय सारथीच्या फेलोशिपचा होता; टोला मात्र बार्टीच्या मुलांनाही लागला. जेआरएफची 37 हजारांची फेलोशिपही पूर्णवेळवाल्यालाच. अर्धवेळवाला आपल्या पगारातून फी भरतो, सरकारकडे एक पैसा मागत नाही. तो मागतो फक्त एक सही.

तेव्हा आमचे म्हणणे असे. आयोगाने नाहरकतीला तीस दिवसांची मुदत घालावी. तेवढ्यात लेखी कारणासह नकार आला नाही तर परवानगी मिळाली असे समजावे. विद्यापीठाने कोर्सवर्क शनिवार-रविवारी घ्यावे. ग्रंथालय सायंकाळी सहानंतर उघडे असेल तरच नोकरदाराला त्याचा उपयोग.

हे होईल तेव्हा होईल. तोपर्यंत ज्यांनी अर्ज केला आहे त्यांनी तोंडी नकार मुळीच ऐकून घेऊ नये. अर्ज लेखी द्यावा, आवक क्रमांक घ्यावा, प्रत जपून ठेवावी. महिनाभरात उत्तर नाही आले तर माहिती अधिकार कायदा, 2005 खाली त्या फाईलवर कोणत्या तारखेला कोणी काय शेरा मारला याच्या प्रती मागाव्यात. याचे उत्तर तीस दिवसांत देणे बंधनकारक आहे. केंद्राच्या कर्मचाऱ्यांनी 1972 चे रजा नियमही पाहावेत. पाच वर्षे सेवा झालेल्याला, विषय कामाशी निगडित असेल तर, संपूर्ण सेवेत 24 महिन्यांपर्यंत अध्ययन रजा मिळू शकते. ही रजा मागणारेच फार थोडे.

इंदोऱ्याच्या भगिनीचा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही परवा टपालात टाकला. असेच अर्ज ज्यांचे पडून आहेत त्यांनी आवक क्रमांकाची प्रत घेऊन जिल्हा न्यायालयात आम्हाला दुपारच्या सुट्टीत भेटावे. फी लागणार नाही.